माडावरून पडलेला माणूस आणि ‘लघवी साफ आहे’ हा दिलासा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे: माडावरून वा आंब्यावरून पडलेल्याच्या लघवीत रक्त नसेल आणि सोनोग्राफी नॉर्मल असेल, तर मूत्रपिंड शाबूत समजावे, सीटी स्कॅनसाठी शहर गाठू नये, लघवी अडलीच तर जवळच्या दवाखान्यात नळी घालून घ्यावी. यातला प्रत्येक सल्ला एखाद्या पाडेल्याच्या, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडणाऱ्याच्या, जिवावर बेतू शकतो.

पहिला मुद्दा रक्ताचा. उंचावरून पडलेले शरीर जमिनीवर एकदम थांबते, आतले मूत्रपिंड मात्र त्याच वेगाने पुढे ओढले जाते. त्या हिसक्याने त्याची रोहिणी आतून फाटून गुठळीने बंद होऊ शकते किंवा मूत्रवाहिनी मूत्रपिंडापासून तुटू शकते. अशा मूत्रपिंडातले रक्त मूत्राशयात उतरणार कोणत्या वाटेने? उलट, लालभडक लघवी किरकोळ इजेतही होते.

सोनोग्राफीबद्दलचा गैरसमज अधिक खोल आहे. अपघातानंतरची तातडीची सोनोग्राफी मुख्यतः पोटात साचलेला द्रव शोधते. तो रक्त आहे की लघवी, हे ती सांगत नाही, आणि पोटाच्या आवरणामागे असलेल्या मूत्रपिंडाची चीर तिच्यातून सहज निसटते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्रात उठून दिसणारे औषध) देऊन केलेल्या सीटीत आधी रक्तपुरवठा दिसतो. लघवीची गळती मात्र साधारण 10 मिनिटांनी, कॉन्ट्रास्ट लघवीत उतरल्यावर काढलेल्या चित्रांतच कळते. मूत्राशय फुटल्याची शंका असेल, तर त्यात नळीने सुमारे 300 ते 350 मिलिलिटर पातळ केलेले कॉन्ट्रास्ट भरून तपासावे लागते, कारण अर्धवट भरलेल्या मूत्राशयाची भोके झाकलेली राहतात.

प्रौढाला मुका मार लागला असेल, लघवीतले रक्त फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असेल, वरचा रक्तदाब कधीही 90 च्या खाली गेला नसेल आणि दुसरी गंभीर इजा नसेल, तर सीटीची गरज सहसा नसते, हे खरे. पण उंचावरून पडणे हा त्याला ठरलेला अपवाद आहे. मूत्रपिंडाच्या बहुतेक जखमा शस्त्रक्रियेविना भरतात; त्यातली कोणती भरेल, हे चित्र पाहूनच ठरते.

नळीचा सल्ला तर थांबवलाच पाहिजे. कमरेचे हाड मोडलेल्या किंवा होडीच्या कडेवर दोन्ही पाय फाकून आपटलेल्या पुरुषाच्या लघवीच्या तोंडाशी रक्त दिसत असेल, तर मूत्रमार्ग फाटलेला असू शकतो, आणि अंदाजाने रेटलेली नळी अर्धवट चीर पूर्ण करू शकते. अशा वेळी आधी मूत्रमार्गात कॉन्ट्रास्ट सोडून एक्स-रे काढतात. मार्ग तुटलेला आढळला, तर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी घालून लघवीला वाट करून देता येते.