एका बाटलीत दोन औषधं कशाला?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून मूत्रपिंडं निकामी झालेली लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत येत होती. त्यांतली कित्येक घरी परतली नाहीत. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं; चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का. तेव्हापासून नागपूरकरांशी फोनवर बोलताना दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: 'मुलांना पातळ औषध द्यायचंच नाही' आणि 'तुमच्याकडे ब्रिटनमध्ये बरं, औषधं तरी शुद्ध असतात.'

शुद्धतेची मागणी योग्यच आहे आणि ती सोडू नये. पण बाटलीतलं विष घरात बसून कोणत्याही आईला ओळखता येत नाही. ते काम कारखान्यातल्या तपासणीचं आणि सरकारचं. घरात जे आपल्या हातात आहे, त्याची चर्चा मात्र या दुःखात मागे पडली. शुद्ध औषधही हिशेब चुकला की मुलाचं यकृत आणि मूत्रपिंड बिघडवतं, आणि हा हिशेब सगळ्यात सहज चुकतो तो मिश्रणाच्या बाटलीमुळे. तापासाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली बाटली घरात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० किलोचं, साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं मूल घ्या. भारतात मिळणाऱ्या अशा मिश्रणात बहुधा ५ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन आणि १६२.५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल असतं. आयबुप्रोफेनचा एक डोस किलोमागे ५ ते १० मि.ग्रॅ., म्हणजे ५ मि.ली.च्या एका झाकणातच कमाल गाठली. पॅरासिटामॉलचा १० ते १५, म्हणजे ते कमालीच्या थोडं वरच गेलं. तरी एका डोसानं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. पॅरासिटामॉल चार ते सहा तासांनी देतात, आयबुप्रोफेन सहा ते आठ तासांनी. 'ताप चढला की चार तासांनी पुन्हा' ही सवय या बाटलीला लावली, तर दिवसात सहा डोस होतात: किलोमागे ६० मि.ग्रॅ. आयबुप्रोफेन, जिथे मर्यादा ३० ते ४० आहे, आणि ९७.५ मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल, जिथे मर्यादा ६० ते ७५. त्यातच आजी सर्दीचं सिरप देते, त्यात पुन्हा पॅरासिटामॉल. रात्री ताप उतरत नाही म्हणून वडील नुसत्या पॅरासिटामॉलची बाटली उघडतात. तिघांनीही काळजीपोटीच दिलं, पण बेरीज कोणीच केली नाही.

नागपूरला याची जोखीम जास्त आहे, ती हवामानामुळे. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू असतो. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत साधा व्हायरल आणि डेंग्यू ओळखू येत नाही, आणि आयबुप्रोफेन प्लेटलेटचं काम मंदावतं, पोटाच्या अस्तराला इजा करतं. डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका त्यामुळे वाढतो. मेफेनॅमिक ॲसिड या तापावरच्या दुसऱ्या औषधालाही हेच लागू. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना उलट्या-जुलाबांनी कोरडं पडलेलं मूल असेल, तर आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतं. कांजिण्यांतही ते टाळतात. नुसतं पॅरासिटामॉल घरात असेल तर आयबुप्रोफेनचा हा प्रश्न उरत नाही. मिश्रणातून मात्र आयबुप्रोफेन वेगळं काढता येत नाही.

इथे ब्रिटनमध्ये काय वेगळं आहे? हे मिश्रण दुकानात १८ वर्षांखालच्यांसाठी मिळत नाही. अमेरिकेत ते १२ वर्षांखालच्यांसाठी नाही. मुलांच्या तापाला एका वेळी एकच औषध द्यायचं, ही इथली अधिकृत शिफारस. पहिल्यानं आराम पडला नाही तर दुसऱ्याचा विचार, तोही दोघांच्या वेळा कागदावर वेगळ्या लिहून. सहा वर्षांखाली पॅरासिटामॉलची ताकद एकच, ५ मि.ली.त १२० मि.ग्रॅ., आणि खोक्यात बहुधा चमचा नाहीतर सिरिंज असते. भारतात १२०, १२५, २५० असे प्रकार शेजारीशेजारी मिळतात, शिवाय ड्रॉप्स १ मि.ली.त १०० मि.ग्रॅ. म्हणजे ड्रॉप्सची बाटली सिरप समजून ५ मि.ली. दिली, तर चौपट डोस गेला. आणि आम्ही परदेशस्थ सुट्टीत येताना ज्या बाटल्या आणतो, त्यांनी गोंधळ वाढतोच: अमेरिकेतली १६० मि.ग्रॅ.ची, नाव ओळखीचं पण आकडा वेगळा. त्या आणू नयेत, आणल्या तर मागे ठेवून जाऊ नयेत.

पण सगळं इथलंच चांगलं, असं म्हणणं खोटं होईल. इथे खोक्यावरचा डोस वयावर असतो, मग मूल हडकुळं असो वा गुटगुटीत. नागपूरला धंतोली-रामदासपेठेतला बालरोगतज्ज्ञ आधी मूल काट्यावर ठेवतो, चिठ्ठीवर वजन लिहितो आणि त्यावरून डोस काढतो. ही पद्धत अधिक बरोबर आहे. तिथे तज्ज्ञ डॉक्टर बहुधा त्याच दिवशी भेटतो. इथे आधी फोनवर प्रश्नोत्तरं होतात. म्हणून नागपूरच्या पालकांनी चिठ्ठी हातात घेताना एवढंच विचारावं: हे किती मि.ग्रॅ.चं, किती मि.ली., किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, आणि यात आणखी काय आहे? मेडिकल स्टोअरवाला 'हेच आहे, कंपनी दुसरी' म्हणाला, तर लेबलवरची मि.ग्रॅ. ताडून बघावी. डिसेंबर २०२३ पासून क्लोरफेनिरामाइन-फिनाइलेफ्रिनचं, म्हणजे सर्दीच्या सिरपमधलं, मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असा केंद्राचा इशारा आहे, तोही लेबलवर शोधावा. आणि २०११ पासून १२ वर्षांखाली बंदी असलेलं निमेसुलाइड हे ताप-दुखीचं औषध मोठ्यांच्या डब्यातून मुलाला कधीच देऊ नये.

मोजायला घरचा चमचा नको, ५ मि.ली.ची सुई नसलेली सिरिंज कुठल्याही मेडिकल स्टोअरमध्ये स्वस्तात मिळते. तळाशी बसणारं औषध (सस्पेन्शन) असेल तर बाटली नीट हलवा, नाहीतर सुरुवातीला पातळ आणि शेवटी दाट औषध जातं. दिलेली वेळ फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहा, म्हणजे घरातल्या तिघांनाही दिसेल. आणि थर्मामीटरचा आकडा खाली आणण्यासाठी औषध देऊ नका. मूल खेळतंय, पाणी पितंय, तर १०१ असला तरी थांबता येतं. तापाचे झटके अशा औषधानं टळत नाहीत. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला, तर मात्र घरी औषध देत न बसता सरळ डॉक्टरकडे.

डोस जास्त गेल्याची शंका आली, तर उलटी काढायला लावू नका आणि लक्षणांची वाट पाहू नका. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पहिला दिवस मळमळ, भूक न लागणं, एवढ्यावर जातो आणि ते तापाचंच वाटतं. यकृताचा त्रास बहुधा त्यानंतर उघड होतो. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. तेव्हा घरातल्या सगळ्या बाटल्या आणि तो वेळांचा कागद पिशवीत घाला आणि थेट मेडिकल, मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.