शेअर्ड व्ह्यूमॉडेल बाद झालेलं नाही
अंधेरी-पवईकडच्या अँड्रॉइडवाल्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘फ्रॅगमेंट रिझल्ट एपीआय आलं, आता शेअर्ड व्ह्यूमॉडेल बंद.’ तसं काही नाही. फ्रॅगमेंट म्हणजे ॲपच्या स्क्रीनचा एक भाग. रिझल्ट एपीआयने एक फ्रॅगमेंट दुसऱ्याला उत्तर पाठवतो; शेअर्ड व्ह्यूमॉडेल म्हणजे अनेक फ्रॅगमेंटांनी मिळून वापरायचा डेटा ठेवणारी जागा. फ्रॅगमेंट १.३.० मध्ये डेप्रिकेट झालं (म्हणजे ‘यापुढे वापरू नका’ असं ठरलं) ते ‘सेटटार्गेटफ्रॅगमेंट’, उत्तर पाठवायची जुनी पद्धत. व्ह्यूमॉडेलला कुणी हात लावलेला नाही.

लोकलच्या ॲपमध्ये यादीतून ‘दादर’ निवडून मागच्या स्क्रीनला कळवायचं, तर रिझल्ट एपीआय पुरे. एकदाच जाणारं, बंडलमध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या गाठोड्यात, मावणारं उत्तर. पण स्लो-फास्टचा फिल्टर यादीला आणि नकाशालाही सतत लागतो. तो ॲक्टिव्हिटीच्या (हे फ्रॅगमेंट जिच्यात बसतात तिच्या) व्ह्यूमॉडेलमध्येच ठेवा.

आणि हो, इथे बरेच जण फसतात: ऐकणारा फ्रॅगमेंट ‘स्टार्टेड’ होण्याआधी, म्हणजे स्क्रीनवर दिसू लागण्याआधी, एकाच कीवर (उत्तराच्या नावावर) दोन उत्तरं पाठवलीत, तर पहिलं पुसलं जातं. एररही येत नाही.