दाब कमी आहे

गेल्या रविवारी भर दुपारी, परभणीच्या वसमत रस्त्यावरील एका मंगल कार्यालयासमोर, माझी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी ढकलणाऱ्या चौघांमध्ये माझे व्याही होते, आणि त्यांच्या परीटघडीच्या सदऱ्याने डिकीवरची सारी धूळ टिपून घेतली होती, एवढे सांगितले म्हणजे सोमवारी सकाळी सात वाजता मी बॉनेट उघडून का उभा होतो, हे वेगळे सांगायला नको. किल्ली फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार, फिरत नसे, नुसते ‘टक्’ होत असे. बॅटरी चारच महिन्यांपूर्वी घेतलेली होती. ज्याने अठ्ठावीस वर्षे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आहे, तो मनुष्य अशा वेळी मेकॅनिककडे जात नाही. तो मल्टिमीटर शोधतो.

मल्टिमीटर सापडण्याआधी शेजारचे अण्णा उगवले. अण्णांची झरीकडे चार एकर शेती आहे, विहिरीवर पाच एचपीची मोटार आहे आणि जगात जे जे विजेवर चालते, ते ते त्या मोटारीचे भाऊबंद आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्या फ्रिजचे निदानही त्यांनी याच शास्त्राने केले होते. तळहातावरची तंबाखू मळत, इंजिनात एकवार डोकावून ते म्हणाले, “सर, दाब कमी हाय.” व्होल्टेजला ते दाब म्हणतात.

“बॅटरी नवी आहे, अण्णा.”

“ते ऱ्हाऊ द्या. तिन्ही फेज येतेत का?”

“गाडीला फेज नसतात.”

“एकबी नाही?” त्यांनी अशा करुणेने विचारले की, मलाच माझ्या गाडीचे वाईट वाटले. “मंग ह्याचा डीपी कुठंय?”

डीपी, म्हणजे शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, तोही नाही, हे ऐकल्यावर त्यांनी तंबाखू ओठाखाली ठेवली आणि बराच वेळ ते गंभीर राहिले. अखेर, “कंडेन्सर टाका, सर. आमची मोटार दोन फेजवर कंडेन्सर टाकूनच उचलती,” असा निकाल देऊन ते आमच्या ओट्यावर बसले, ते जेवणाची वेळ होईपर्यंत उठले नाहीत.

मी सौभाग्यवतीला किल्ली फिरवायला बसवले आणि मोजणी केली. एरवी १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ११ वर येत होती, हे ठीकच होते, पण त्याच क्षणी सेल्फच्या बोल्टवर आणि त्याच्याच अंगावर मीटर धरला, तर जेमतेम ८.४ भरत होते. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच कोणीतरी खात होते, त्यांतले १.६ लाल वायरीत आणि उरलेला १ अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेत. अशा वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट चालवून घेऊ नये. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो. दीडशे जरी धरले, तरी १.६ व्होल्टने अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता त्या वायरीतच निर्माण होते. प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्टची घट, हा नियम ओहमने १८२७ मध्ये मांडला आणि मी तो अठ्ठावीस वर्षे फळ्यावर लिहिला, पण तो माझ्याच बॉनेटखाली राहायला आला आहे, याची मला कल्पना नव्हती.

“म्हणजे दाब कमीच म्हणा की,” ओट्यावरून आवाज आला.

मी ऐकले नाही असे दाखवले. वास्तविक अण्णांवर चिडण्याचा मला अधिकार नाही. त्यांची मोटार वर्षातून दोनदा जळते, कारण दाब उतरला की ती भार पेलण्यासाठी जास्त प्रवाह ओढते आणि वायंडिंग तापते. प्रत्येक वेळी ते ती मोटारसायकलवर मागे बांधून शहरात रिवाइंडिंगला आणतात. शेताला वीज पाळीने, आणि पाळी रात्रीची असली की हा सत्तरीकडे झुकलेला माणूस विंचू-सापाच्या भरवशावर पाणी द्यायला जातो. माझी गाडी अडली, तर व्याह्यांचा सदरा मळतो. त्यांची मोटार अडली, तर हरभरा जातो. असो, विषय वायरीचा आहे.

लाल वायरीचे रबर टोकाशी चिरले, तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली आणि निम्म्या तारा तुटलेल्या होत्या. अर्थिंगचे दुखणे त्याहून लाजिरवाणे होते. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेले असल्याने त्याला चॅसिसशी जोडणारी पट्टी लागते, आणि दोन वर्षांपूर्वी मीच हौसेने मारून घेतलेला रंग नेमका त्या पट्टीखाली गेला होता. पॉलिश पेपरने घासून तिथले लोखंड उघडे केले.

नवी वायर आणायला गेलो, तर पहिल्या दुकानदाराने ‘प्युअर कॉपर’ म्हणून दिलेल्या तुकड्याची तार चाकूने खरवडताच आतून पांढरे ॲल्युमिनियम दिसले. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, असे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, “सर, गिऱ्हाईक वायर खरवडीत नसतंय.” शेवटी वेल्डिंगचे सामान विकणाऱ्याकडून ३५ चौरस एमएमची तांब्याची केबल घेतली आणि तिथेच छिन्नी-हातोड्याने लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे कडे, ठोकू पाहणाऱ्या पोराला थांबवून प्रेसवर दाबून घेतले.

उघडताना निगेटिव्ह आधी काढावा आणि जोडताना तो शेवटी लावावा. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तरी मग काही होत नाही. हे मी अण्णांना सविस्तर समजावले. “आधी फेज तोडावा,” हे त्यांचे मत कायम होते. आम्ही त्यावर इतका वेळ भांडलो की, बोलता बोलता मी निगेटिव्ह आधीच आवळून टाकला आणि लाल नट कसताना पाना मडगार्डला लागला. ठिणगी चांगली वीतभर उडाली. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“आला फेज,” अण्णा म्हणाले.

किल्ली फिरवताच सेल्फ असा खणखणीत फिरला की पत्नी दचकली. मीटरवर लाल वायरीची घट ०.२ होती. तो आकडा पाहायला कोणीही आले नाही, सगळे अण्णांभोवती उभे होते.

काल व्याह्यांचा फोन आला. सदऱ्याचा विषय त्यांनी मोठ्या मनाने काढला नाही. त्यांच्या विहिरीवरची मोटार पाणी उचलत नाही, आणि आमच्या गल्लीत कोणी अण्णा आहेत, ज्यांना नुसते बघून दोष कळतो, असे लेकीकडून त्यांच्या कानावर आले होते. त्यांना अण्णांचा नंबर हवा होता.