फेअर ट्रेड म्हणजे नुसतं स्टिकर?

नाशिककडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘फेअर ट्रेड म्हणजे परदेशातलं महागडं स्टिकर. शेतकऱ्याला दमडी मिळत नाही. आपल्याकडे ग्लोबलगॅप आहे, हमीभाव आहे, लिलाव आहे. वेगळं काय त्यात?’

फेअर ट्रेड हे खरं तर शेतकऱ्यांच्या संस्थेला किमान भावाची हमी देणारं प्रमाणपत्र. पण ग्लोबलगॅपचं, म्हणजे शेतमाल नीट पिकवल्याच्या प्रमाणपत्राचं, आधी. त्यात फवारणीच्या नोंदी, पाणी, मजुरांची सुरक्षितता, माल कुठल्या प्लॉटचा हे सगळं तपासतात. किलोला किती द्यायचे आणि कधी द्यायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

हमीभावाच्या यादीत 22 पिकं आहेत. कांदा नाही, द्राक्षही नाही. निफाडच्या माणसाने हे फॉरवर्ड करावं म्हणजे कमाल आहे.

राहिला लिलाव. लासलगावला बोली उघड लागते, ती चांगलीच गोष्ट. पण बोली लावणारा उत्पादन खर्च विचारत नाही. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्यावर निर्यातबंदी लागू झाली, तेव्हा पडलेला भाव ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्यालाच सोसावा लागला. आणि द्राक्षाचा सौदा तर बहुतेक बागेतच होतो. व्यापारी येतो, मणी चाखतो, शुगर बघतो, दर बोलतो, थोडा इसार देतो. मग काढणी लांबवतो. मध्येच ढग आले की ‘डाग पडलेत’ म्हणून दर पाडतो. माल गेल्यावर बाकीसाठी फोन करत बसायचं. फोन बंद लागला की काय समजायचं ते इथे कुणाला सांगायला नको.

फेअर ट्रेडचा फरक नेमका इथे आहे. भाव पडला तर कोणी सोसायचं आणि पैसे कधी हातात पडायचे, हे आधीच ठरतं. कॉफीचं उदाहरण घ्या. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाचा भाव 50 सेंटच्या खाली गेला, तेव्हा धुतलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला फेअर ट्रेडचा किमान भाव 121 सेंट होता. वर 5 सेंट प्रीमियम, म्हणजे संस्थेला मिळणारी जादा रक्कम. 2023 मध्ये किमान भाव 180 सेंट आणि प्रीमियम 20 सेंट झाला. बाजार त्याच्या वर गेला तर बाजारभाव द्यायचा, प्रीमियम तरीही वेगळा. तो कशावर खर्चायचा हे शेतकऱ्यांची संस्था सभेत ठरवते. संस्थेने मागितलं तर कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ मिळण्याची सोय आहे. याला दमडी म्हणत असाल तर म्हणा.

मेसेजमधला संशय अगदीच निराधार नाही, हेही मान्य. किमान भाव संस्थेला मिळतो. त्यातून प्रक्रिया, वाहतूक, प्रमाणपत्राची फी वजा होऊनच शेतकऱ्याच्या खात्यात येतो. संस्थेचा सगळा माल या अटींवर खपतोच असं नाही, उरलेला नेहमीच्या दराने जातो. शिवाय दुकानदाराने ग्राहकाकडून किती घ्यायचे यावर फेअर ट्रेडचं नियंत्रण नाही. म्हणजे लंडनमध्ये जास्तीचे मोजलेले पैसे दुकानातच राहू शकतात. पण ही तक्रार दुकानदाराच्या नफ्याची झाली. किमान भाव ठेवूच नये, असं त्यातून कसं निघतं?

एकट्यादुकट्या छोट्या बागायतदाराला हे प्रमाणपत्र मिळणं अवघडच. त्यासाठी आधी संघटना लागते, आणि तिचे निर्णय सभासदांनी घ्यावे लागतात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपन्या पाहिलेल्या दिंडोरी तालुक्याला ही अट काही परकी वाटू नये.