भराव घालून खाजन ‘सुधारत’ नाही

‘धड गोडं नाही, धड खारं नाही, अशा पाण्यात काही जगत नाही. खाजनं म्हणजे पडीक जमीन आणि डासांची पैदास. भराव घाला, निदान घरं तरी होतील.’ अशा आशयाचा मजकूर गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली सखल शेतजमीन.

काही जगत नाही? लिहिणाऱ्याने मासळी बाजारात एक चक्कर मारावी. चणक, शेवटे, काळुंदर, तिसऱ्या, कुर्ल्या ही सगळी मचूळ पाण्याची देणगी. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण पिल्लं वाढतात खाडीत. चणक तर आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो! पाणीही बारा महिने सारखं नसतं. पावसाळ्यात मांडवी नदी जवळजवळ गोडी होते. मे महिन्यात मुखापाशी खारटपणा समुद्राच्या, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅमच्या, जवळ जातो. एवढा चढउतार सोसणाऱ्या जाती मोजक्याच, पण ज्या सोसतात त्या अमाप वाढतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, त्याही एरवी गोड्या पाण्यात राहणाऱ्या जातीच्या. दुर्भाट-बोरीकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात, ती मानगे थापणी.

‘पडीक’ला उत्तर एका शब्दाचं: कोरगुट. पावसाने खार धुतला गेला की हे भात खाजनात उभं राहतं. कापणी झाली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या फळीच्या दारातून, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि मासळी धरायची. भाताच्या दिवसांत हीच मानस रक्षण करते: भरतीच्या दाबाने फळी मिटते, ओहोटीला उघडते. ना वीज, ना पंप.

डासांचं अर्धं खरं आहे. मचूळ पाण्यात वाढणारे डास असतात. पण गोव्यात हिवताप पसरवणारा ॲनोफिलिस स्टेफेन्सी वाढतो टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात. मग खाजनात इमारती उभ्या करून डास कमी कसे होणार, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

एक तक्रार मात्र खरी. बांध फुटला, खारं पाणी साचून राहिलं, भात गेलं, तिवर (खारफुटी) माजलं आणि आता कायद्यामुळे त्याला हातही लावता येत नाही, असं म्हणणारा शेतकरी खोटं बोलत नाही. पण बांध पाण्यामुळे कमी, दुर्लक्षामुळे जास्त फुटतात. पूर्वी डागडुजी गांवकारी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणारी संस्था, करायची. आता ती कुणाची, यावरच वाद. कुठे मासळीच्या लोभाने भाताच्या दिवसांतही मानस उघडी ठेवतात. यावर इलाज बांध दुरुस्त करणं आणि मानशीवर गावाचं लक्ष असणं. भराव घातला तर भरतीला पसरायची जागा उरत नाही, आणि ते पाणी शेजारच्या वाड्यावर चढतं.