गाभण राहणं ‘फक्त चाऱ्यावर’ नसतं

वळू निवडण्याबद्दलचा एक सल्ला पशुपालकांमध्ये सतत फिरत असतो: ‘वाढ रक्तातून येते, गाभण राहणं चाऱ्यावर असतं. प्रजननाची आनुवंशिकता जेमतेम पाच-दहा टक्के, म्हणून वळूचं वजन बघा, बाकी विसरा.’ मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांना तो पटतो, कारण विक्री वजनावर होते. पण तो नुकसान करणारा आहे, आणि त्यातलं एकेक विधान तपासून पाहिलं पाहिजे.

आनुवंशिकता म्हणजे जनावरा-जनावरांतल्या फरकाचा किती वाटा रक्तातून येतो ते; 0.1 म्हणजे दहा टक्के. पाच-दहा टक्क्यांचा आकडा खोटा नाही. ‘गाभण की रिकामी’ एवढंच नोंदवलं तर आनुवंशिकता साधारण तेवढीच निघते. मात्र ही नोंदच ढोबळ आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात माजावर आलेली गाय आणि शेवटच्या आठवड्यात आलेली गाय, दोघींपुढे ‘गाभण’ एवढंच लिहिलं जातं, आणि त्यांच्यातला फरक तिथेच बुजतो. उत्तर ऑस्ट्रेलियात ब्राह्मण जातीच्या कालवडींची ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून त्या पहिल्यांदा कधी वयात येतात ते नोंदवलं गेलं. त्या वयाची आनुवंशिकता 0.57 निघाली. व्यायल्यावर, वासरू पीत असताना पुन्हा माजावर यायला लागणाऱ्या काळाची 0.51. एक वर्षाच्या वजनाची आनुवंशिकता सहसा 0.3 ते 0.4 असते, म्हणजे इथे प्रजनन वाढीच्याही पुढे गेलं. तिथल्याच संकरित कळपांत पुन्हा माजावर येण्याच्या काळाचा आकडा 0.26 वर उतरतो, कारण आनुवंशिकता जातीगणिक आणि कळपागणिक बदलते. अमेरिकेत घडलेल्या या ब्राह्मण जातीच्या मुळाशी आपली गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरं आहेत, म्हणून हे निष्कर्ष मला परके वाटत नाहीत.

‘आनुवंशिकता कमी, म्हणून निवड करून उपयोग नाही’ हा पुढचा तर्क. आनुवंशिकता 0.1 धरा. वळूच्या दहा मुलींच्या नोंदी असतील तर त्याच्या आनुवंशिक गुणाच्या अंदाजाची अचूकता 0.45 भरते (1 म्हणजे पूर्ण अचूक), शंभर मुलींच्या असतील तर 0.85. कमी आनुवंशिकतेला जास्त नोंदी हेच उत्तर आहे. दुधाच्या गुरांत हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेतल्या होल्स्टीनमध्ये दशकानुदशकं दुधावर जोर दिला गेला आणि गाभण राहण्याची क्षमता घसरत गेली. 2003 पासून वळूच्या मुली किती गाभण राहतात त्याचं मूल्यांकन निवडीत आलं आणि घसरण थांबली. त्या गुणाची आनुवंशिकता अवघी चार टक्के आहे!

चाऱ्याबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. हाडं दिसणारी गाय माजावर येणार नाही, हे कुणीही नाकारत नाही. पण एकाच कुरणावर, एकाच पावसात एक गाय दरवर्षी विते आणि शेजारची वर्षाआड, तेव्हा तो फरक चाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

राहिलं ‘फक्त वजन बघा’. वाढीचे गुण एकमेकांना बांधलेले असतात. एक वर्षाचं वजन वाढवत नेलं की जन्मवजनही वाढतं, विताना अडचण येते, आणि त्या वळूच्या मुली मोठ्या होऊन दरवर्षी जास्त चारा खातात. टोकाचं उदाहरण बेल्जियन ब्लू जातीचं. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं मायोस्टॅटिनचं जनुक तिच्यात निकामी आहे, हे 1997 मध्ये कळलं. मांस भरपूर, पण शुद्ध जातीच्या बहुतेक गाई शस्त्रक्रियेनेच वितात. हे माणसाने निवड करूनच घडवलं आहे, आणि मला ते क्रूर वाटतं.

आणि जे ‘बाकी’ विसरायला सांगतात, त्यातली एक गोष्ट साध्या टेपने मोजता येते: एक वर्षाच्या वळूच्या अंडकोषाचा घेर. त्याची आनुवंशिकता 0.4 च्या वर असते, आणि मोठा घेर असलेल्या वळूंच्या मुली सरासरीने लवकर वयात येतात.