नोस्फेराटू स्वस्तात घरी कसा आणावा

घरच्या कपाटात एखादा तरी मूकपट असल्याखेरीज माणसाने स्वतःला चित्रपटरसिक म्हणवून घेऊ नये, असा एक समज हल्ली रूढ झाला आहे. तो खोडून काढण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा एखादा मूकपट विकत घेऊन मोकळे होणे केव्हाही सोयीचे. आमची शिफारस फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ यांच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ची आहे. या शिफारशीमागे चित्रपटाचा दर्जा आहे, असा गैरसमज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. ज्याच्या इतक्या वाईट प्रती इतक्या सहज मिळतात असा दुसरा अभिजात चित्रपट शोधून सापडणे कठीण, एवढेच त्यामागचे कारण. अमेरिकेत या चित्रपटावर कोणाचाच हक्क उरलेला नसल्यामुळे ज्याच्याजवळ एखादी झिजलेली कॅसेट आणि डिस्क छापून घेण्यापुरते भांडवल होते, अशा प्रत्येकाने तो आपापल्या नावाने बाजारात आणला. त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे, आणि नेमकी चुकीची प्रत हाती लागण्यासाठी फारसे कष्टही पडत नाहीत. तरीही काही जण अनवधानाने चांगली प्रत विकत घेऊन बसतात, म्हणून हे चार शब्द.

प्रत निवडताना आधी पात्रांची नावे पाहावीत. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवर बर्लिनच्या प्राना-फिल्म या नव्या कंपनीने चित्रपट काढला, पण हक्क विकत घेण्याच्या फंदात ती पडली नाही. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला, लंडनच्या जागी विसबोर्ग नावाचे जर्मन गाव आणले आणि नायक-नायिकेला हुटर व एलेन अशी नावे दिली. एवढी खबरदारी घेतल्यावर श्रेयनामावलीत मात्र ‘ड्रॅक्युला’चा उल्लेख प्रामाणिकपणे करून ठेवला, म्हणजे चोराने घरफोडी करून जाताना पाटावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवावी तसा प्रकार झाला. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला. कंपनीचे तोवर दिवाळे निघालेले असल्यामुळे वसूल करण्यासारखे काही उरले नव्हते, तेव्हा निदान चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट कराव्यात, असा हुकूम त्यांनी १९२५ साली मिळवला. हुकुमाची अंमलबजावणी जिथपर्यंत हात पोहोचला तिथपर्यंत झाली. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या, आणि पुढे अमेरिकेत संवादांच्या जागी इंग्रजी मजकुराच्या पाट्या असलेल्या ज्या प्रती फिरल्या त्यांत ऑर्लॉकचा पुन्हा ड्रॅक्युला झाला, हुटरचा जोनाथन हार्कर झाला, एलेनची नीना झाली आणि विसबोर्गचे ब्रेमेन झाले. स्वस्त डिस्कवर बहुधा हीच आवृत्ती असते आणि आपण आग्रहाने हीच घ्यावी. ज्या साम्याबद्दल एका विधवेने आयुष्यातली काही वर्षे कोर्टात घालवली, ते साम्य आता पडद्यावर लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. पुरावा कोर्टाला मिळाला नसेल, निदान आपल्याला तरी मिळावा.

नावांचे जमले की रंगाकडे वळावे, कारण खरी मौज तिथेच आहे. त्या काळच्या फिल्मवर रात्रीच्या अंधारात बाहेरचे चित्रण करणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे रात्रीचे प्रसंग सरळ दिवसा चित्रित करायचे आणि नंतर फिल्मची ती रिळे निळ्या रंगात बुडवून काढायची, अशी पद्धत होती. दिव्याच्या उजेडातल्या खोलीला पिवळसर छटा द्यायची, पहाटेला गुलाबी. प्रेक्षक रंग पाहून वेळ ओळखत. ‘नोस्फेराटू’त तर सगळी गोष्टच दिवस मावळतो केव्हा आणि उजाडते केव्हा यावर टांगलेली आहे. आता स्वस्त प्रत ही कुठल्या तरी रंगहीन प्रतीवरून काढलेल्या प्रतीची प्रत असल्याने या सगळ्या छटा तिच्यातून धुऊन निघालेल्या असतात, आणि खाली उरते ते रणरणते ऊन. त्यामुळे मध्यरात्री गुपचूप विसबोर्गमध्ये शिरणारा रक्तपिपासू सरदार आपल्याला भर दुपारी, स्वतःची शवपेटी काखोटीला मारून, मोकळ्या रस्त्याने लगबगीने जाताना दिसतो. भिंतींवर उन्हाच्या कडक सावल्या पडलेल्या असतात. नवे घर घेतलेला आणि सामान हलवायला माणसे न मिळालेला एखादा गृहस्थ म्हणून त्याच्याकडे पाहिले, तर त्या प्रसंगातली भीती पूर्णपणे नाहीशी होते आणि रात्री झोपही चांगली लागते.

इथे एक गोष्ट जाणकारांच्या कानावर घालून ठेवतो. स्टोकर यांच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. उन्हाने त्याची शक्ती कमी होते, पण जीव जात नाही. सूर्यकिरणांनी व्हॅम्पायर मरतो ही कल्पना पडद्यावर रूढ केली ती याच चित्रपटाने, आणि मुर्नाऊंनी कादंबरीत घातलेली महत्त्वाची भर म्हणतात ती हीच. रंग उडालेल्या प्रतीने ही भरही काढून टाकली आहे. नावे स्टोकर यांची आणि सरदाराचे उन्हातले हिंडणेही स्टोकर यांचेच, अशी कादंबरीशी इतकी इमानदार आवृत्ती मुर्नाऊंना स्वतःला काढता आली नव्हती.

अडचण येते ती शेवटी. एलेन ऑर्लॉकला पहाटेपर्यंत आपल्यापाशी अडकवून ठेवते, कोंबडा आरवतो, तो दचकून उठतो, खिडकीसमोरून जायला निघतो आणि पहिल्या किरणाबरोबर धूर होऊन विरतो. तासभर उन्हात वावरलेला माणूस आता एकाएकी उन्हानेच कसा मेला, असा प्रश्न आपल्याकडे जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारणारच. अशा वेळी ‘जर्मन अभिव्यक्तिवाद’ एवढे दोनच शब्द उच्चारावेत. त्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची सहसा कोणाची छाती होत नाही.

वेगाचेही थोडे सांगितले पाहिजे. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत असत आणि हा चित्रपट दर सेकंदाला १८ चित्रांच्या बेताने दाखवला तर माणसे माणसांसारखी चालतात. त्या हिशेबाने तो ९४ मिनिटे चालतो. तोच बोलपटाच्या २४ चित्रांच्या वेगाने पळवला की सत्तर मिनिटांच्या आसपास आटोपतो आणि तासाभरात संपणाऱ्या प्रतीही काही कमी नाहीत. वाचलेल्या वेळाचा विचार करता हा व्यवहार फायद्याचाच आहे. नवऱ्याच्या काळजीने झुरणारी एलेन खोलीभर दुडक्या चालीने झुरते, एवढे चालवून घ्यावे. मुर्नाऊंनी मात्र एक आगाऊपणा करून ठेवला होता. हुटरला ऑर्लॉकच्या गढीकडे नेणारी बग्गी आणि स्वतःच्या शवपेट्या गाडीवर रचणारा ऑर्लॉक हे दोन प्रसंग त्यांनी मुद्दाम अनैसर्गिक वेगाने पळतील असे चित्रित केले होते, म्हणजे आजूबाजूचे जग नेहमीच्या गतीने चालले असताना हे एवढेच काही तरी वेगळे आहे, हे प्रेक्षकाला जाणवावे. स्वस्त प्रतीत हुटर न्याहारीलाही त्याच वेगाने बसतो, त्यामुळे बग्गीचा वेग कोणाच्या लक्षातही येत नाही. बग्गीच्या प्रवासात काही क्षण निगेटिव्ह वापरून काळ्या आकाशाखाली पांढरे रान दाखवले आहे, त्याचाही बंदोबस्त झालेला असतो. प्रतच इतकी पांढरी पडलेली असते की सगळीच राने सारखी दिसतात.

युरोपच्या पद्धतीची कॅसेट अमेरिकी पद्धतीत घाईने बदलून घेतलेली असेल, तर सोन्याहून पिवळे. अशा बदलात मागचे चित्र पुढच्यात मिसळते, आणि कोणी हात वर केला की त्यामागोमाग एक फिकट हातही वर जातो. ऑर्लॉकला विसबोर्गला नेणाऱ्या जहाजाच्या तळघरात आजारी खलाशाला शवपेटीवर बसलेला पारदर्शक ऑर्लॉक दिसतो, हे दाखवण्यासाठी एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याची यातायात त्या मंडळींना करावी लागली होती. आपल्या डिस्कवर खलाशीही पारदर्शक असतो.

टीव्हीविषयी. हा चित्रपट चौकोनाकडे झुकणाऱ्या चार-तीन प्रमाणातल्या चौकटीत चित्रित झालेला आहे आणि आपण तर पैसे मोजून रुंद टीव्ही घेतलेला आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडणे म्हणजे त्या पैशांचा अपमान. तेव्हा रिमोटने चित्र ताणून घ्यावे. त्याने सगळी माणसे एक तृतीयांशाने रुंद होतात. माक्स श्रेक यांचा ऑर्लॉक म्हणजे दाराच्या उभ्या चौकटीत कसाबसा मावणारा, काठीसारखा ताठ, लांब बोटांचा इसम. तो ताणल्यावर दोन्ही वेळेस पोटभर जेवणाऱ्या माणसासारखा दिसू लागतो, आणि हा दुसऱ्याचे रक्त कशाला पीत असेल, असा रास्त प्रश्न मनात येतो. ताणण्याऐवजी झूम केल्यास वरचा आणि खालचा मिळून चित्राचा चौथा भाग जातो. ही पद्धतही वाईट नाही.

संगीताबाबत फार चोखंदळ राहू नये. हान्स एर्डमान यांनी पहिल्या प्रदर्शनासाठी रचलेल्या संगीताचा बराचसा भाग हरवला. पुढे बेर्ंट हेलर यांनी उरलेल्या सुइटवरून, म्हणजे त्यातल्या निवडक तुकड्यांच्या मालिकेवरून, त्याची पुनर्रचना केली आणि ती चांगल्या आवृत्त्यांत ऐकायला मिळते. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवृत्तीला भयपट काढणाऱ्या ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या ‘ड्रॅक्युला’चे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांचे संगीत आहे. १९९८ साली टाइप ओ निगेटिव्ह या हेवी मेटल बँडची गाणी लावलेली आणि अभिनेते डेव्हिड कॅरडीन यांचे प्रास्ताविक असलेली एक कॅसेटही निघाली होती. तिच्यामागे काही एक विचार होता, म्हणून आमच्या निकषांत तीही बसत नाही. आपल्याला हवा तो ऑर्गनचा असा एखादा तुकडा, जो सातव्या मिनिटाला संपतो आणि ऑर्लॉकने हुटरच्या खोलीत पाऊल टाकताच पुन्हा पहिल्यापासून उत्साहाने सुरू होतो.

आता ज्यापासून सावध राहायचे त्याविषयी. लुसिआनो बेरिआतुआ यांनी मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी २००५–०६ मध्ये केलेले पुनरुज्जीवन पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात सापडलेल्या, मूळ छटा शाबूत असलेल्या १९२२ सालच्या फ्रेंच प्रतीवर आधारलेले आहे. गहाळ तुकडे इतर प्रतींतून घेऊन काम बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पूर्ण करण्यात आले. ही आवृत्ती अमेरिकेत किनो आणि ब्रिटनमध्ये युरेका या कंपन्यांनी ब्ल्यू-रेवर आणलेली आहे. ती पाहिल्यास रात्र निळी दिसते, पहाट उगवते, ल्यूबेकच्या जुन्या मिठाच्या वखारींच्या खिडक्या एकेक करून मोजता येतात आणि त्यांतल्या एका खिडकीत गजांना धरून उभा असलेला ऑर्लॉक समोरच्या घराकडे पाहत असतो, तो इतका स्पष्ट दिसतो की पाहणाऱ्याला आपल्या खिडकीचा पडदा ओढून घ्यावासा वाटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रपटाने अशी वागणूक द्यावी, हे कोणाही सभ्य ग्राहकाला पटणार नाही. शिवाय पाट्या जर्मन, खाली इंग्रजी उपशीर्षके, आणि बरोबर जाड पुस्तिका, जी वाचण्याची नैतिक जबाबदारी येऊन पडते ती वेगळीच.

सुदैवाने भारतातल्या ग्राहकाचे रक्षण करणारी एक व्यवस्था आहे: डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही. ब्ल्यू-रेच्या बाबतीत अमेरिका ए विभागात, ब्रिटन बी विभागात आणि आपण सी विभागात येतो. डीव्हीडीसाठी तर आपल्याला पाचवा क्रमांक दिलेला आहे. तेव्हा टपालखर्च आणि सीमाशुल्क भरून पुण्यात वा नाशकात मागवलेली उत्तम डिस्क इथल्या प्लेअरमध्ये घातली की बहुधा एक नम्र सूचना झळकते आणि चित्रपट सुरू होत नाही. स्वस्त डिस्कवर असले बंधन घालण्याचे कष्ट सहसा कोणी घेतलेले नसतात. ती कुठल्याही देशात, कुठल्याही प्लेअरवर चालते. विसबोर्गच्या बंदरात लागलेल्या त्या जहाजातून उतरलेल्या उंदरांनाही कोणी परवाना विचारला नव्हता.

ज्यांना डिस्क घेणेच जड वाटते त्यांच्यासाठी आता फुकट मिळणाऱ्या, यंत्राकडून रंगवलेल्या आणि सेकंदाला साठ चित्रांपर्यंत फुगवलेल्या आवृत्त्या आलेल्या आहेत. त्यांत दर सेकंदाला मुर्नाऊंची १८ चित्रे असतात आणि यंत्राने मनाने घातलेली ४२, तेव्हा बहुमत कोणाचे हे सांगायला नको. फिल्मवरच्या चऱ्यांबरोबर ऑर्लॉकच्या सुरकुत्याही पुसल्या गेल्याने त्याची कांती तुकतुकीत झालेली आहे, आणि रात्रीचे प्रसंग दिवसा घेतलेले होते हे यंत्राला ठाऊक नसल्यामुळे त्याने वरचे आकाश छान आकाशी रंगवले आहे.

एवढी सगळी काळजी घेऊनही एका प्रसंगाबद्दल आम्ही खात्री देऊ शकत नाही. शेवटाकडे ऑर्लॉक एलेनच्या खोलीकडे निघतो तेव्हा स्वतः तो दिसतच नाही, जिन्याच्या भिंतीवरून त्याची फक्त सावली वर चढते आणि तिची बोटे दाराकडे लांबत जातात. रंग उडवून, वेग वाढवून, आडवी ताणून, चुकीचे संगीत लावूनसुद्धा ही सावली पुरती बिघडवता आलेली नाही, आणि निकृष्टातल्या निकृष्ट डिस्कमधला हा दोष दूर करण्याचा उपाय अजून कोणालाच सापडलेला नाही. तेव्हा एलेन खिडकी उघडताना दिसली, की यजमानाने ताबडतोब चहा टाकायला उठावे आणि कपबशा उचलू लागण्याच्या निमित्ताने पाहुण्यांनाही स्वयंपाकघरात बोलावून घ्यावे.